कालव्यावरचें बिऱ्हाड आणि बिनतारी निरोप

गेल्या भाद्रपदांत एके रात्रीं आमचा एक जुना विद्यार्थी इंग्लंडांतून आमच्याशीं बोलत होता. हा गृहस्थ मूळचा पुण्याचा. तिकडे संगणकाच्या धंद्यांत नोकरीस आहे. घराचें भाडें झेपेना म्हणून नवरा-बायकोनें मिळून एक जुनी पोलादी नौका विकत घेतली, आणि गेलीं चार वर्षें तें जोडपें कालव्यावरच संसार करीत आहे. सुकाणूं बायकोच्या हातीं होतें. हा पुढच्या बाजूस बसून फोनच्या पडद्यांतून आम्हांस दोन्ही काठांची हिरवळ दाखवीत होता. बोलतां बोलतां तो म्हणाला, "सर, समोर ब्लिसवर्थचा बोगदा आला. आतां अर्धा-पाऊण तास मी नाहीं." वाक्य पुरें होतें न होतें तोंच त्याचा चेहरा पडद्यावर थिजला, आणि मग पडदाच काळा झाला.

हा बोगदा ३,०७६ यार्डांचा, म्हणजे पावणेतीन किलोमीटरांहून किंचित् अधिक लांब आहे, आणि तो १८०५ सालीं वाहतुकीस खुला झाला. इतिहास शिकविणाऱ्या माणसास अर्धा तास रिकामा सांपडला कीं त्याचें मन मागें धांवूं लागतें. या काळोखांतून दोनशेंहून अधिक वर्षें नौका जात आहेत. प्रारंभीं नौकेवर उताणे पडून, भिंतीला पाय लावून, पायांच्या रेट्यानें माणसें ती पुढें ढकलीत. मग वाफ आली, मग तेलाचें इंजिन आलें. परंतु त्या नौकेवरील माणसास काठावरच्या जगाशीं दोन शब्द बोलावयाचे असतील तर त्यानें काय करावें, हा प्रश्न तेवढाच जुना असून त्याची फारशी दखल इतिहासकारांनीं घेतलेली दिसत नाहीं. मालाचे टन मोजले गेले, निरोप कोणीं मोजले नाहींत. त्या निरोपांची हकीकत सांगण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम एक खुलासा करणें अवश्य आहे. आमच्याकडे कालवा म्हटला कीं डोळ्यांपुढें उभा राहतो तो मुठेचा किंवा नीरेचा कालवा. ऊंस, पाण्याची पाळी, पाटकरी आणि बांधावरचीं भांडणें. इंग्लंडांतला कालवा शेताला पाणी पाजीत नाहीं. तो रस्ता आहे. पाण्याचा, संथ, डोंगराला वळसा घालून जाणारा रस्ता. असे रस्ते हिंदुस्थानांतहि व्हावे, आगगाडीपेक्षां ते आपणांस अधिक उपकारक ठरतील, असा आग्रह सर आर्थर कॉटन या इंजिनियरानें एकोणिसाव्या शतकांत आयुष्यभर धरला होता, आणि त्याच्या गोदावरीच्या कालव्यांतून नौका चालतहि असत. पण तो पक्ष हरला व आगगाडी जिंकली. असो.

इंग्लंडांत हा उद्योग मोठ्या प्रमाणावर सुरू झाला तो ब्रिजवॉटरच्या ड्यूकाच्या कालव्यापासून. वर्स्ली येथील आपल्या खाणींतला कोळसा मँचेस्टरास स्वस्तांत पोंचावा म्हणून त्यानें तो खोदविला. १७६१ सालीं त्यावरून कोळसा जाऊं लागला आणि मँचेस्टरांतली कोळशाची किंमत निम्म्यावर आली. त्याचा कारागीर जेम्स ब्रिंडले हा लिहिण्यावाचण्यांत अगदीं कच्चा. अवघड प्रश्न पडला म्हणजे हा मनुष्य अंथरुणावर जाऊन पडे आणि सर्व हिशेब डोक्यांत जुळवून उठे. पुढें ट्रेंट व मर्सी या नद्या जोडणारा जो मोठा कालवा त्यानें आंखला (त्याची पहिली कुदळ १७६६ सालीं मारली गेली व काम ब्रिंडलेच्या मृत्यूनंतर १७७७ सालीं पुरें झालें) त्यावरील लॉक, म्हणजे नौकेस पाण्याची पायरी चढविणारे दरवाजाबंद हौद, त्यानें जेमतेम सात फूट रुंदीचे ठेवले. पाणी वांचावें, खर्च वांचावा, हा त्यांतला हेतु. पण एका माणसानें ठरविलेल्या त्या सात फुटांनीं पुढच्या सर्व पिढ्यांना बांधून टाकलें. मध्य इंग्लंडच्या कालव्यांवर फिरावयाचें तर नौका सात फुटांहून रुंद असून भागत नाहीं. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत चालते. आमच्या विद्यार्थ्याची नौका आजहि त्याच मापाची आहे. आगगाडीच्या डब्याच्या बोळांत संसार मांडावा तसा तो प्रकार आहे, असें त्याच्या आईनें आम्हांस सांगितलें होतें, आणि सांगतांना तिचा स्वर कौतुकाचा नव्हता.

आरंभीं नौकावाल्यांचीं घरें काठावर असत. पुरुष नौकेवर जाई, बायकामुलें घरीं राहत. १८४० नंतर आगगाडीनें माल ओढून नेण्यास प्रारंभ केला, दर पडले, आणि मजुरीचा गडी ठेवणें परवडेनासें झालें. तेव्हां पुष्कळांनीं घर सोडून बायकोलाच गडी केलें. मागच्या टोंकास दहा-एक फूट लांबीची खोली, तींत चूल, कपाट, घडी घालून भिंतींत जाणारी खाट, आणि आईबाप व चार-पांच मुलें. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तें येथें अक्षरशः खरें होतें. या खोलीच्या दारावर गुलाबाचीं फुलें आणि किल्ले रंगविण्याची त्यांची एक सुरेख रीत होती. आजकाल तिचीं चित्रें शोभेच्या वस्तूंवर पाहावयास मिळतात.

या लोकांना पत्ता नव्हता. आज येथें, उद्यां वीस मैलांवर. टपालाचें खातें कितीहि स्वस्त झालें तरी तें दार शोधतें. चालतें दार त्यास ठाऊक नाहीं. शिवाय बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. मग निरोप कसा जाई? लॉकचा रखवालदार, जकातीचा कारकून, काठचा दुकानदार आणि मद्यगृहाचा मालक हीं त्यांचीं टपालकचेऱ्या होतीं. "अमक्याची नौका आली तर सांगा कीं त्याचा बाप आजारी आहे." समोरून येणाऱ्या नौकेस हांक मारून निरोप पुढें दिला जाई, आणि घोडा ज्या काठच्या वाटेनें नौका ओढी त्या वाटेवरून तो माणसामाणसांच्या तोंडून पुढें सरके. त्या वाटेस ते टोपाथ म्हणत, आणि या तोंडच्या टपालास थट्टेनें 'टोपाथची तार' असें नांव पडलें होतें. ही तार नौकेच्याच वेगानें, क्वचित् तिच्याहून थोडी जलद, चाले. परंतु ती चुकत नसे. कारण तिच्या मार्गावरील प्रत्येक मनुष्य प्रत्येक नौकेस नांवानें ओळखत होता.

सरकारास मात्र ही ओळख पुरेशी वाटली नाहीं. कोलव्हिल येथील जॉर्ज स्मिथ या गृहस्थानें आधीं विटांच्या भट्ट्यांवर राबणाऱ्या मुलांची दाद लावली होती. १८७५ च्या सुमारास त्यानें कालव्यावरील लोकांचा प्रश्न हातीं घेतला; अज्ञान, दारू, दाटीवाटी यांचीं भयंकर वर्णनें लिहिलीं, आणि आकडे इतके वाढवून दिले कीं पुढील अभ्यासकांस ते पुष्कळ कमी करावे लागले. पण त्याची कळकळ खरी होती. १८७७ सालीं कालव्यावरील नौकांचा कायदा झाला, १८८४ सालीं तो कडक करण्यांत आला. ज्या नौकेवर कुटुंब राहतें ती एखाद्या गांवीं नोंदविली पाहिजे, त्या गांवाचें नांव व क्रमांक तिच्यावर रंगविला पाहिजे, आंत किती माणसें निजावीं हें हवेच्या मापानें ठरलें पाहिजे. मुलांच्या शिक्षणाकरितां त्या नोंदणीच्या गांवासच त्यांचें गांव समजावें, असें कलम होतें. म्हणजे ज्या गांवीं नौका वर्षांतून एकदांहि जात नसेल तेथील शाळेवर त्या मुलाची जबाबदारी! कायद्यास स्थिर पत्ता हवा होता. तो सांपडेना म्हणून त्यानें एक पत्ता नौकेस चिकटवून दिला, एवढाच याचा अर्थ. याच दशकांत, १८७१ सालीं, हिंदुस्थानांत गुन्हेगार जातींचा कायदा होऊन कित्येक भटक्या जमातींच्या हजेऱ्या सुरू झाल्या होत्या. दोहोंची तुलना करणें अन्यायाचें होईल, कारण एकांत निदान दया होती. तरी जो एके ठायीं राहत नाहीं त्याच्याविषयीं सरकारी मनांत जी अस्वस्थता उत्पन्न होते ती दोहोंकडे एकाच कुळींची आहे, असें आम्हांस वाटतें.

मुलांचा प्रश्न खरोखर कोणीं समजून घेतला असेल तर तो फार उशिरां. १९३० सालीं लंडनच्या पश्चिमेस वेस्ट ड्रेटन येथें 'एल्सडेल' नांवाच्या एका जुन्या नौकेंतच शाळा भरविण्यांत आली. मुलांची नौका थांबली कीं मुलानें शेजारच्या नौकेंत शिरावें व मिळेल तेवढा वेळ धडा गिरवावा. शाळेनें चालत्या माणसाकडे एक पाऊल टाकल्याचें असें उदाहरण विरळा.

आतां तारेकडे वळूं. कुक व व्हीटस्टन यांनीं १८३७ च्या जुलैंत लंडनांत यूस्टन ते कॅम्डन टाउन या आगगाडीच्या मार्गावर विजेच्या तारेनें निरोप पाठवून दाखविला. कॅम्डन टाउन हें रीजंट कालव्याच्या अगदीं काठीं आहे. तेथून नौका १८१६ पासून जात-येत होत्या. तार आगगाडीची सखी झाली, कारण दोन गाड्या एकमेकींवर आदळूं नयेत याकरितां ती हवीच होती. ताशीं तीन मैल चालणाऱ्या नौकांस आदळण्याचें भय नव्हतें, म्हणून तारेची गरजहि कोणास वाटली नाहीं. पुढें मार्कोनीनें तार वगळून निरोप पाठविण्याची युक्ति आणली. १८९७ च्या मे महिन्यांत त्यानें ब्रिस्टलच्या खाडीमुखांतील एका बेटावरून वेल्सच्या किनाऱ्यास पाण्यावरून संदेश धाडला. बिनतारी विद्येचीं पहिलीं मोठीं गिऱ्हाइकें जहाजें होतीं, आणि तें साहजिकच होतें. भर समुद्रांत तार कोठून न्यावी? १९१२ सालीं 'टायटॅनिक' बुडाली तेव्हां जीं माणसें वांचलीं तीं या बिनतारी हांकेमुळें वांचलीं, हें सर्वांस विदित आहे.

येथें एक मौज आहे. मार्कोनीचा कारखाना १८९८ सालीं चेम्सफर्ड या गांवीं निघाला, आणि त्याच गांवापर्यंत १७९७ पासून कालव्यानें पडाव येत असत. लांकडाचे पडाव तर १९७२ पर्यंत येत राहिले. जगांतील महासागरांवरच्या जहाजांसाठीं जीं यंत्रें त्या गांवांत तयार होत त्यांतलें एकहि गांवच्याच धक्क्याला लागलेल्या पडावाकरितां नव्हतें. जमिनीवरच्याला तार मिळाली, समुद्रावरच्याला बिनतारी मिळाली. दोहोंच्या मध्यें जमिनीच्या पोटांतल्या पाण्यावर जो राहत होता त्याला टोपाथवरची हांकच पुरे, असें जणूं जगानें ठरवून टाकलें. मालवाहू जहाजाचा विमा मोठा असतो, कोळशाच्या नौकेचा नसतो, हें त्याचें साधें व्यापारी कारण असावें.

हे लोक पुढें फार दिवस टिकलेहि नाहींत. एल. टी. सी. रोल्ट हा लेखक १९३९ सालीं आपली 'क्रेसी' नांवाची नौका घेऊन कालव्यांवर फिरावयास निघाला, व त्या प्रवासाचें त्याचें 'नॅरो बोट' हें पुस्तक १९४४ सालीं निघालें. मरूं घातलेल्या जगाचें तें वर्णन वाचून लोक हळहळले, आणि १९४६ सालीं रोल्ट, रॉबर्ट एकमन आदि मंडळींनीं अंतर्गत जलमार्ग वांचविण्यासाठीं एक संस्था काढली. कालवे वांचले, कालव्यावरील धंदा वांचला नाहीं. १९६२-६३ च्या हिंवाळ्यांत पाणी आठवडेच्या आठवडे गोठून राहिलें, नौका जागच्या जागीं अडकल्या, गिऱ्हाइकें मोटारींकडे गेलीं तीं परत आलीं नाहींत. अॅथरस्टनहून लंडनजवळच्या साउथॉल येथील मुरंब्याच्या कारखान्यास कोळसा नेण्याचें काम १९७० च्या ऑक्टोबरांत थांबलें, आणि त्याबरोबर लांब पल्ल्याच्या नियमित वाहतुकीचा शेवट झाला असें मानतात.

मग जें झालें तें कोणाच्याहि स्वप्नांत नव्हतें. रिकाम्या झालेल्या कालव्यांवर प्रथम सुटीचे हौशी प्रवासी आले, आणि त्यांच्या मागून, शहरांतलीं घरें महाग होत चालल्यावर, राहणारीं माणसें आलीं. इंग्लंड व वेल्स यांतील सुमारें दोन हजार मैलांचे जलमार्ग २०१२ पासून 'कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट' या विश्वस्त संस्थेच्या ताब्यांत आहेत. तिच्या सांगण्याप्रमाणें आज तेथें पस्तीस हजारांच्या आसपास नौका असून औद्योगिक क्रांतीच्या भर काळांतहि इतक्या नव्हत्या. जुना नौकावाला कोळसा वाहून पोट भरीत असे. नवा नौकावाला शिक्षक आहे, परिचारिका आहे, चित्रकार आहे, आमच्या विद्यार्थ्यासारखा संगणकाचा कारागीर आहे. त्याचें पोट काठावरच्या जगाशीं होणाऱ्या बोलण्यावर अवलंबून आहे. जो निरोप पूर्वीं सुखदुःखाचा होता तो आतां भाकरीचा झाला.

आणि योगायोग असा कीं फिरत्या टेलिफोनाचा इंग्लंडांतील जन्महि पाण्याच्या शेजारींच झाला. १९८५ च्या पहिल्या दिवशीं अर्नी वाइज या विनोदी नटानें, जुन्या काळच्या गाडीवानाचा वेष करून, लंडनच्या सेंट कॅथरिन गोदीवरून न्यूबरी येथें फोन करून त्या सेवेचें जाहीर उद्घाटन केलें. न्यूबरी हें केनेट व एव्हन कालव्यावरचें गांव. हा कालवा १८१० सालीं पुरा झाला, पुढें मोडकळीस आला व १९९० सालीं पुन्हां खुला झाला. त्या पहिल्या फोनांनीं बोलतां येई, इतकेंच. १९९२ नंतर नव्या पद्धतीचे फोन आले व त्यांतून संगणकाची अक्षरेंहि जाऊं लागलीं. पण वेग सेकंदास अवघ्या ९,६०० खुणांचा. एक साधें छायाचित्र घरीं धाडावयास दीड मिनिट लागे आणि पैसे मिनिटागणिक मोजावे लागत. २००३ सालीं तिसरी पिढी, २०१२ च्या ऑक्टोबरांत चौथी, २०१९ च्या मे महिन्यांत पांचवी, अशा या पिढ्या माणसांच्या पिढ्यांपेक्षां फार लवकर उलटल्या. २००७-०८ च्या सुमारास संगणकाला लावावयाची बोटाएवढी कांडी निघाली आणि नौकेवर खऱ्या अर्थानें इंटरनेट आलें. पुढें २०२४ च्या सुमारास बहुतेक कंपन्यांनीं ती तिसरी पिढी बंदच केली, तेव्हां ज्या नौकांवर जुनीं यंत्रें होतीं तीं एका रात्रींत मुकीं झालीं.

हें सगळें ऐकावयास सोपें वाटतें. प्रत्यक्षांत नौकेइतकी बिनतारी लहरींस प्रतिकूल वस्तु शोधून सांपडावयाची नाहीं. धातूच्या पिंजऱ्यांत विजेचा प्रभाव शिरत नाहीं हें मायकेल फॅरडेनें १८३६ सालींच दाखवून दिलें होतें. आजची नौका म्हणजे तसलाच एक पिंजरा. तळ दहा मिलिमीटर पोलादाचा, बाजू सहाच्या, खोलीच्या भिंती चारच्या. लहरी शिरतील त्या लहानशा खिडक्यांतून. त्यांतहि ही खोली पाण्याच्या पातळीस बसलेली, आणि पाणी पुष्कळ ठिकाणीं आसपासच्या जमिनीहून खालीं. ब्रिंडलेनें चढ टाळण्यासाठीं कालवे सखल भागांतून नेले. नंतरच्या टेलफर्डानें सरळ रेषेच्या हौसेनें टेकड्या चिरून खोल खिंडी पाडल्या. दोघांनींहि, अडीचशें व दोनशें वर्षांपूर्वीं, आजच्या लहरींस अडथळा करून ठेवला आहे! खेड्यांतला मनोरा गांवासाठीं उभारलेला असतो. कालवा गांवास वळसा घालून गेलेला असतो.

म्हणून नौकावाले अँटेना छतावर चढवितात. छत लोखंडी असल्यानें ती लोहचुंबकाच्या बुडानें चिकटून बसते, एवढीच काय ती पोलादाची कृपा. तेथून तार आंत आणावयाची, ती होईल तितकी आंखूड, कारण लांब तारेंत जेमतेम मिळालेला आवाज विरून जातो. आणि ती एका पेटींत, राउटरांत, सोडावयाची. ती पेटी मग नौकेच्या आंत सर्वत्र आपली लहानशी बिनतारी सभा भरविते, आणि पिंजऱ्याचा दोष येथें गुण होतो. आंतलें बोलणें फारसें बाहेर जात नाहीं. एकाच दिशेस पाहणारी अँटेना दूरचा मनोरा पकडते, पण नौका दोरांवर थोडी फिरली कीं नजर चुकते. चहूंकडे पाहणारी अँटेना कमी पकडते, पण चालत्या नौकेवर तीच बरी. उंच काठी उभारावी तर पुढचा कमानीचा पूल ती मोडून ठेवतो. कंपन्यांचीहि तीच कथा; एकीचा मनोरा या वळणावर, दुसरीचा पुढच्या. आमच्या विद्यार्थ्याजवळ दोन निरनिराळ्या कंपन्यांचीं सिमें आहेत आणि तो तीं पानवाल्याच्या सराईतपणें आलटून पालटून लावतो. घरास तार घेतांना जो वर्षा-दोन वर्षांचा करार होतो तो यास मिळत नाहीं. पत्ता विचारला कीं बोलणें संपतें. एकदां तर एका कंपनीच्या कारकुनानें नौकेचा घरक्रमांक मागितला होता. शेवटीं त्यानें बायकोच्या मावशीचा पत्ता दिला, आणि जॉर्ज स्मिथच्या कायद्यांतलें तें चिकटविलेलें गांव आम्हांस आठवलें.

विजेचाहि हिशेब आहे. छतावरच्या सूर्यपट्ट्या उन्हाळ्यांत भरपूर देतात. डिसेंबरांत त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. मग इंजिन चालवून बॅटऱ्या भराव्या लागतात, आणि काठाला बांधलेल्या नौकेनें रात्रीं आठ ते सकाळीं आठ इंजिन चालवूं नये असा नियम आहे. राउटर थोडक्या विजेंत भागवितो. अलीकडे, २०२१ च्या सुमारापासून, आकाशांत साडेपांचशें किलोमीटरांवर फिरणाऱ्या लहान उपग्रहांशीं बोलणारी ताटली मिळूं लागली. मनोरा नसलेल्या माळावर ती वरदानच. पण ती पन्नास-पाऊणशें वॅट सतत खाते, म्हणजे राउटराच्या कित्येक पट, आणि तिला आकाश मोकळें हवें. इंग्लंडांतल्या कालव्यांची सारी शोभा त्यांच्या काठच्या झाडांत आहे. तीं झाडें ताटलीस खपत नाहींत.

आतां या कथेंतला विलक्षण भाग. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत टेलिफोन कंपन्यांच्या ध्यानांत आलें कीं शहरांशहरांमधून अखंड जाणारी, कोणाची भिंत न पाडावी लागणारी, एकाच मालकाच्या ताब्यांतली अशी जमिनीची एक पट्टी देशांत आहे, आणि ती म्हणजे टोपाथ. घोडे तर केव्हांच गेले होते. त्या वाटेखालीं कांचेच्या तंतूंचे दोर शेंकडों मैल पुरण्यांत आले. रीजंट कालव्याच्या टोपाथखालून त्याआधींच चार लक्ष व्होल्टच्या वीजतारा गेल्या होत्या, आणि त्या थंड राखण्यास कालव्याचेंच पाणी फिरवितात. तेव्हां चित्र असें आहे: नौका खुंटीला बांधलेली, तिच्यापासून चार हातांवर, मातीखालीं, प्रकाशाच्या वेगानें बँकांचे हिशेब आणि सिनेमे धांवत आहेत, आणि नौकेवरचा मनुष्य छतावर चढून अँटेना इकडून तिकडे वळवीत आहे. त्या दोरांच्या भाड्यानें कालव्याच्या दुरुस्तीस हातभार लागतो, तेव्हां त्यांना नांवें ठेवणें बरें नाहीं. तथापि कॅम्डन टाउनच्या तारेपासून या दोरापर्यंत नौकावाल्याच्या बाजूनें पाहिलें तर फारसा फरक पडलेला नाहीं. तार त्याच्या अंगावरून जाई, दोर त्याच्या पायाखालून जातो.

यापुढें जें सांगावयाचें तें जरा कठिण आहे. १९९५ सालच्या कायद्याप्रमाणें ज्या नौकेस स्वतःचा ठरीव धक्का नाहीं तिनें खरोखरीच प्रवास करीत राहिलें पाहिजे, आणि एके ठिकाणीं सलग चौदा दिवसांहून अधिक (किंवा परिस्थिति पाहून वाजवी ठरेल त्याहून अधिक) थांबतां कामा नये. कायद्याचा हेतु अन्यायाचा नाहीं. काठ सर्वांचा आहे. पहिल्या आलेल्यानेंच तो अडवून बसावें हें योग्य नव्हे. पण ज्या दशकांत हा कायदा झाला तेव्हां पंधरा दिवस फोन लागला नाहीं तर मनुष्याचें फारसें बिघडत नसे. पुढें वर्षावर्षानें सर्व व्यवहार इंटरनेटवर गेले. २०१३ पासून गरिबांस मिळणारें 'युनिव्हर्सल क्रेडिट' हें सरकारी साहाय्य मुख्यतः त्याच वाटेनें मागावें लागतें. २०२० च्या मार्चांत देशांतल्या प्रत्येक घरास ठराविक वेगाचें इंटरनेट मागण्याचा हक्क मिळाला, पण 'घर' म्हणतांना कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें दगडविटांचेंच घर होतें. त्याच महिन्यांत महामारीमुळें शाळा बंद झाल्या व धडे पडद्यावर आले. ट्रस्टनें त्या काळापुरता चौदा दिवसांचा नियम स्थगित ठेवला, तें शहाणपणाचें झालें. परंतु ज्या वळणावर नौका त्या आठवड्यांत थांबली होती तेथें मनोरा पोंचतो कीं नाहीं यावर कित्येक मुलांचा अभ्यास ठरला असला पाहिजे. मुलांसाठीं या खेपेस 'एल्सडेल' नव्हती.

एकीकडून कायदा म्हणतो, हला. दुसरीकडून मालक, शाळा, सरकारी कचेरी म्हणते, आमच्या हांकेच्या टप्प्यांत राहा. म्हणून जेथें मनोरा चांगला तेथें नौकांची रांग लागते, काठच्या घरवाल्यांच्या तक्रारी येतात, आणि भांडण 'हे फुकटे' विरुद्ध 'ते बंगलेवाले' या स्वरूपांत पेपरांत छापून येतें. दोन्ही पक्ष मनोऱ्याचें नांव काढीत नाहींत. आमच्या मतें भांडणाच्या मुळाशीं पुष्कळ अंशीं तोच आहे, आणि चौदा दिवसांचा हिशेब करणाऱ्यांनीं केवळ पुलांचे क्रमांक न मोजतां लहरींचाहि नकाशा समोर ठेवला तर तंटे बरेच उणे होतील. काठावर जागोजाग खुंट्या ठोकून देणें हें जसें कालव्याच्या मालकाचें काम समजलें जातें, तसेंच हेंहि समजलें जाण्यास हरकत नसावी. दोर तर त्याच्याच जमिनींत आहे.

एवढ्यांत फोन वाजला. पाऊण तास झाला होता. नौका बोगद्यांतून बाहेर पडून दक्षिणेकडे स्टोक ब्रुअर्न या खेड्याजवळ आली होती. विद्यार्थ्याच्या सदऱ्यावर बोगद्याच्या छतांतून गळलेल्या पाण्याचे डाग होते. आम्हीं त्यास विचारलें कीं उद्यांचा बेत काय. तो म्हणाला, परवां सकाळीं कचेरीची बैठक आहे, तींत हजर राहिलेंच पाहिजे. मागल्या ठिकाणचे चौदा दिवस संपले म्हणून निघालों, येथें तर मुक्काम करावयास जागा नाहीं, आणि पुढें लॉकांची उतरंड आहे, तिच्या पायथ्याशीं नेट येतें कीं नाहीं याचा पत्ता नाहीं. नकाशांत दाखवितात तें खरें नसतें.

"मग कळणार कसें?" आम्हीं विचारलें.

"थांबा हं, सर," असें म्हणून तो उठला. समोरून एक हिरवी नौका येत होती. त्यानें फोन छातीशीं धरला. आम्हांस आतां फक्त आकाश दिसत होतें. त्याची मोठ्यानें मारलेली हांक ऐकूं आली, आणि पाण्यावरून एका वृद्ध स्त्रीचा आवाज उलट आला कीं खालच्या लॉकापुढें दुसऱ्या पुलाजवळ, ओकाच्या झाडाच्या अलीकडे बांधा, पलीकडे नको.